पुरावा आपल्याच बायांचा

गर्भाशयमुखाचा कॅन्सर थांबवता येतो. या पुस्तिकेतलं प्रत्येक प्रकरण याच एका वाक्यावर उभं आहे, म्हणून ते पहिल्याच ओळीत लिहिते. हा आजार एका रात्रीत येत नाही. तो यायच्या आधी दहा-पंधरा वर्षं गर्भाशयाच्या तोंडाशी बदल होत असतात, ते साध्या तपासणीत सापडतात आणि त्या टप्प्यावर त्यांचा उपचार दवाखान्यात काही मिनिटांत होतो. तरीही भारतात दर वर्षी सुमारे सव्वा लाख बायांना हा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास बाया त्याने दगावतात. भारतीय बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरखालोखाल याचाच क्रमांक लागतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायांना विचारलं, की ही तपासणी कधी करून घेतली आहे का? शंभरातल्या जेमतेम दोघी 'हो' म्हणाल्या.

ही पुस्तिका त्या उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणींसाठी आहे, आणि त्यातही हदगाव तालुक्यातल्या बायांसाठी. हदगाव हा नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागातला तालुका. पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. कापूस, सोयाबीन आणि हळदीच्या या मुलखात तामसा, मनाठा, निवघा इथली बाई पहाटे उठून स्वयंपाक उरकते, दिवसभर शेतात राबते आणि अंगावरून पांढरं जात असेल, कंबर धरत असेल, तर ते अंगावरच काढते. नांदेडचा मोठा दवाखाना साठ-सत्तर किलोमीटरवर. तिथं जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, सोबत कुणीतरी लागतं. आणि दुखत-खुपत नसताना दवाखान्यात जायचं, हे तर कुणी शिकवलेलंच नसतं. हा आजार नेमका अशाच बाईला गाठतो, कारण दुखायला लागेपर्यंत तो बराच पुढे गेलेला असतो.

पुस्तिकेत आजाराची सगळी माहिती सविस्तर येईलच. इथे तिचा गाभा तेवढा सांगते. हा कॅन्सर होतो तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ आणि १९८४ साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या गाठींमधून या विषाणूचे सोळा आणि अठरा क्रमांकाचे प्रकार शोधून काढले. या कामासाठी २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि तो इतका सर्रास आढळतो, की संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. दहातल्या नऊ जणींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. ज्या थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. एचआयव्ही असलेल्या बायांमध्ये हा धोका सहापट असतो, म्हणून त्यांनी तपासणी लवकर सुरू करावी आणि अधिक वेळा करावी.

या बदललेल्या पेशी आधीच ओळखता येतात, हे जगाला पटवलं ते जॉर्ज पापानिकोलाऊ या मूळच्या ग्रीक डॉक्टरांनी. अमेरिकेत काम करताना १९२८ साली त्यांनी आपली निरीक्षणं पहिल्यांदा मांडली, तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९४१ मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबर त्यांनी पुन्हा मांडणी केली आणि मग मात्र पॅप स्मिअर ही त्यांची तपासणी जगभर गेली. या सगळ्या वर्षांत त्यांची पत्नी आंद्रोमाखी हिने अभ्यासासाठी स्वतःच्या पेशींचे नमुने वर्षानुवर्षं दिले. ज्या देशांनी प्रत्येक बाईला ठरावीक काळाने पत्र पाठवून तपासणीला बोलावलं, तिथं या कॅन्सरने होणारे मृत्यू झपाट्याने घटले.

आपल्याकडे तसं झालं नाही, आणि त्याची कारणं बायांच्या अडाणीपणात शोधणं अन्याय आहे. पॅप स्मिअरमध्ये काचपट्टीवर पेशी घ्याव्या लागतात, त्या रंगवाव्या लागतात, सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहणारे तज्ज्ञ लागतात. निकाल यायला दिवस लागतात, तो घेऊन बाईपर्यंत परत जावं लागतं आणि हे दर तीन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. जिथं प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी रक्ततपासणीही नेहमी होत नाही, तिथं हे कुठून व्हावं? म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस जगापुढे प्रश्न होता: गरीब, ग्रामीण भागात, आयुष्यात एकदाच तपासणी करता आली तर ती कोणती करावी? आणि त्या एका तपासणीने जीव वाचतात का?

या प्रश्नाचं उत्तर मराठवाड्यातून मिळालं. ते इथल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. गावांमधली अशी नोंदणी भारतात ही पहिलीच. सोलापूरमधली बार्शी आणि उस्मानाबादमधले परंडा व भूम हे तीन तालुके तिच्यात होते. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते, पण गावातला आजारी माणूस पुष्कळदा रुग्णालयापर्यंत पोचतच नाही. म्हणून इथले कर्मचारी गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली, संशय आला तर माणसाला दवाखान्यात घेऊन आले. बायांच्या कॅन्सरमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वांत वर आहे, हे याच नोंदणीतून दिसलं. नुसत्या बोलण्याने आणि समजावण्यानेही बाया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या, हेसुद्धा इथेच दिसलं. डॉ. भ. म. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांच्या या कामाने पुढच्या मोठ्या अभ्यासाची जमीन तयार केली.

तो अभ्यास १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये सुरू झाला. आपल्या शेजारचा लातूर जिल्हा १९८२ साली याच उस्मानाबादमधून निघाला. तेव्हा ही माणसं आपलीच, ज्वारी-तुरीची शेतं आपलीच, बोली आपलीच. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. लियाँहून डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन यांनी त्याचं नेतृत्व केलं. गावांचे बावन्न गट पाडले गेले. तीस ते एकोणसाठ वयाच्या, कॅन्सर नसलेल्या १,३१,७४६ बाया त्यात होत्या. चिठ्ठी टाकावी तसे हे गट चार भागांत वाटले गेले. एका भागातल्या बायांची एचपीव्ही तपासणी झाली, दुसऱ्यातल्या बायांची पॅप स्मिअर, तिसऱ्यातल्या बायांचं गर्भाशयमुख ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहिलं गेलं. चौथ्या भागात वेगळी तपासणी नव्हती. आजाराची माहिती आणि तपासणी कुठे करून घेता येईल एवढं सांगितलं गेलं.

तपासणी प्रत्येकीची एकदाच झाली. नंतर आठ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. २००९ सालच्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासणी नसलेल्या गटात या कॅन्सरने ६४ बाया गेल्या. जवळजवळ तेवढ्याच बायांच्या एचपीव्ही गटात ३४ गेल्या. पुढे गेलेल्या कॅन्सरच्या रुग्णही एका गटात ८२ आणि दुसऱ्यात ३९. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप स्मिअर आणि ॲसिटिक ॲसिडच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही. ज्यांची एचपीव्ही तपासणी निर्दोष आली, त्यांना पुढच्या आठ वर्षांत कॅन्सर झाल्याचं फारच क्वचित आढळलं. त्या बाईला बरीच वर्षं निर्धास्त राहता येतं, हा याचा अर्थ. आज जागतिक आरोग्य संघटना तिशीपासून एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती देते आणि ती पाच ते दहा वर्षांतून एकदा पुरते असं सांगते. त्या शिफारशीमागच्या पुराव्यात आपल्या बायांचा वाटा मोठा आहे.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्येही टाटा मेमोरियलने दुसरा अभ्यास केला. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९९८ पासून सुमारे दीड लाख बाया त्यात होत्या. तिथं डॉक्टरांऐवजी, प्रशिक्षण दिलेल्या वस्तीपातळीवरच्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ॲसिटिक ॲसिडची तपासणी केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ साली हे निष्कर्ष जाहीर झाले. उस्मानाबादने दाखवलं, की चांगली तपासणी एकदा झाली तरी उपयोगाची. मुंबईने दाखवलं, की यंत्र नसलं तरी शिकवलेली बाई साध्या तपासणीने, ती पुन्हापुन्हा करून, जीव वाचवू शकते. हदगावला या दोन्ही धड्यांची गरज आहे.

या अभ्यासांवर एक गंभीर आक्षेप घेतला गेला आणि तो इथे लपवणं बरोबर नाही. तपासणीने जीव वाचतात हे बाहेरच्या देशांत माहीत असताना हजारो बायांना तपासणीविना ठेवून तुलना करणं नैतिक होतं का, असा प्रश्न देशात आणि परदेशातही विचारला गेला. संशोधकांचं म्हणणं असं, की त्या काळी देशातल्या जवळजवळ सगळ्याच बाया तपासणीविना होत्या आणि गावात कोणती पद्धत चालेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वाद कुणाच्याही बाजूने सोडवला तरी एक गोष्ट उरतेच. उस्मानाबादच्या त्या ६४ बाया आकड्यांच्या तक्त्यात गेल्या, पण त्या कुणाच्या तरी आई, सासू, जाऊ होत्या. त्यांच्या मरणातून जगाला जे कळलं, ते त्यांच्याच शेजारच्या जिल्ह्यांतल्या लेकी-सुनांपर्यंत पोचलं नाही, तर आपण त्यांचे देणेकरी राहू. ही पुस्तिका काढण्यामागचं माझं कारण हेच आहे.

बार्शीचं आणखी एक योगदान सांगायला हवं. २००९ साली एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारा अभ्यास भारतात अनेक ठिकाणी सुरू झाला. बार्शी आणि पुणे ही त्यातली केंद्रं होती. लशीच्या दुसऱ्या एका प्रकल्पावरून वाद उठला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने असं सगळंच काम थांबवलं. त्यामुळे सतरा हजारांवर मुलींपैकी जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनंतर दिसलं, की एका डोसनेही या विषाणूच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून भक्कम संरक्षण मिळतं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली, त्यात या मुलींच्या नोंदींचा आधार होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हावॅक' या भारतीय लशीला परवानगी मिळाली. लस नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी सर्वांत गुणकारी. पण ती मुलीला देऊन आईचं काम भागत नाही. आईला तपासणीच हवी.

ती तपासणी असते तरी कशी? भीती बहुतेक वेळा न पाहिलेल्या गोष्टीची असते, म्हणून सरळ सांगते. बाई टेबलावर पाठीवर झोपते, गुडघे दुमडते, अंगावर चादर असते. सिस्टर किंवा डॉक्टर योनीमार्गात एक उपकरण हळूच घालून तो उघडा धरतात, म्हणजे गर्भाशयाचं तोंड दिसतं. एचपीव्ही किंवा पॅपसाठी छोट्या ब्रशने तिथला नमुना घेतात. ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीत, म्हणजे लोणच्यात घालतात त्या व्हिनेगरइतक्या सौम्य द्रावात कापूस बुडवून तो तिथं लावतात आणि एक मिनिट थांबतात. बदललेल्या पेशी असतील तर तो भाग पांढरा दिसतो. थोडं अवघडल्यासारखं होतं, कधी थोडं दुखतं, पण काही कापत नाहीत, टाके पडत नाहीत, आणि बाई त्याच पावली घरी जाते. पाळी चालू असताना तपासणी करत नाहीत. आदल्या एक-दोन दिवसांत संबंध आणि योनीमार्गातली औषधं टाळावीत. एचपीव्हीसाठी बाईने आडोशाला स्वतःच नमुना घ्यायचा पर्यायही आता जगभर स्वीकारला गेला आहे. ज्यांना टेबलावर झोपण्याचाच संकोच वाटतो, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

'मला काही होत नाही, मग कशाला?' हा पहिला प्रश्न असतो. काही होत नाही तेव्हाच ही तपासणी करायची असते. त्रास सुरू झाला असेल, म्हणजे संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल जात असेल, घाण वासाचं पाणी जात असेल, तर तपासणी शिबिराची वाट पाहू नये. सरळ डॉक्टरांना दाखवावं. 'माझी पाळी गेली, आता काय?' हा दुसरा प्रश्न. पाळी गेली तरी गर्भाशयाचं तोंड असतंच, आणि सरकारी कार्यक्रमात तपासणी पासष्टीपर्यंत आहे. तिसरा प्रश्न बाया विचारत नाहीत, मनात ठेवतात: तपासणीत काही निघालं तर लोक काय म्हणतील? विषाणू वीस वर्षांपूर्वी आलेला असू शकतो, नवऱ्याकडून आलेला असू शकतो, आणि तो कुणाच्या चारित्र्याचा दाखला नसतो. ही गोष्ट घरातल्या पुरुषांनी बाईच्या आधी समजून घ्यायला हवी. म्हणून एक प्रकरण त्यांच्यासाठी आहे.

तपासणीत दोष निघाला म्हणजे कॅन्सर झाला, असं मुळीच नाही. उस्मानाबादमध्ये एचपीव्ही तपासणी झालेल्या दर दहा बायांमागे साधारण एकीत विषाणू आढळला; त्यातल्या फार थोड्यांना कॅन्सर होता. अशा बाईचं गर्भाशयमुख दुर्बिणीने पाहतात, गरज पडली तर छोटा तुकडा काढून तपासतात. कॅन्सरपूर्व बदल असतील तर तो भाग अतिथंड उपकरणाने गोठवतात किंवा तापलेल्या उपकरणाने जाळतात, नाहीतर तारेच्या बारीक कड्याने काढतात. गर्भाशय जागेवरच राहतं.

या शेवटच्या वाक्यावर मी मुद्दाम थांबते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य समितीपुढे ८२,३०९ बायांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येक तरुण बायांना कॅन्सरची भीती घातली गेली होती. एकीकडे कॅन्सर शोधणारी साधी तपासणी बाईपर्यंत पोचत नाही आणि दुसरीकडे कॅन्सरच्याच नावाने तिचं निरोगी गर्भाशय जातं. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: खात्री करून देणारी तपासणी तिच्या हातात नसते. पिशवी काढायला सांगितली तर 'आधी गर्भाशयमुखाची तपासणी झाली का, निकाल कागदावर दाखवा' हे विचारायचा प्रत्येक बाईला हक्क आहे. कमी वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयही गेलं, तर हाडं आणि हृदय यांवर होणारे परिणाम आयुष्यभर सोसावे लागतात.

सरकारी धोरणात तपासणी कागदावर आहे. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची ॲसिटिक ॲसिडची तपासणी दर पाच वर्षांनी, घराजवळच्या आरोग्य केंद्रात व्हायची आहे. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात अंगावरून जाण्याबद्दलचे प्रश्न आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ठरवलेलं उद्दिष्ट असं आहे: २०३० पर्यंत नव्वद टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत लस, सत्तर टक्के बायांची पस्तिशीत आणि पुन्हा पंचेचाळिशीत चांगली तपासणी, आणि आजार सापडलेल्यांपैकी नव्वद टक्के जणींवर उपचार. शंभरात दोघींपासून सत्तर जणींपर्यंत जायचं आहे, आणि एक दिवसाच्या शिबिराने हे अंतर कापलं जाणार नाही. शिबिरात तपासणी होते, फोटो निघतात, पण ज्या दहा जणींना पुढे नांदेडला पाठवायचं असतं, त्यांच्यातल्या किती पोचल्या हे कुणी विचारत नाही. ज्या तपासणीपाठोपाठ उपचार होत नाही, तिचा बाईला काहीच उपयोग नाही.

पुस्तिकेची मांडणी याच साखळीने केली आहे. आधी शरीराची ओळख, मग विषाणू आणि लस, मग तपासणी, मग दोष निघाला तर पुढची पावलं, नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि सरकारी योजनांचा लाभ. शेवटी आशाताई आणि ग्रामपंचायत यांच्यासाठी एक कोरा तक्ता दिला आहे. माझ्या मते या पुस्तिकेतली तीच सर्वांत महत्त्वाची पानं आहेत.

त्या तक्त्यात आरोग्य उपकेंद्राने आपल्या प्रत्येक गावातल्या तीस ते पासष्ट वयाच्या सगळ्या बायांची नावं लिहावीत. नावापुढे तपासणी कधी झाली, निकाल काय आला, तो बाईला कुणी सांगितला, पुढे पाठवलं असेल तर ती पोचली का, उपचार पूर्ण झाला का, आणि पुढची तपासणी कोणत्या वर्षी, एवढे रकाने आहेत. नावं आणि निकाल आशाताई व सिस्टर यांच्याकडेच राहावेत. ते चव्हाट्यावर येता कामा नयेत. ग्रामसभेत फक्त आकडे वाचावेत: किती बाया, किती तपासण्या, किती उपचार पूर्ण, किती राहिल्या. हे काम अवघड आहे, पण अशक्य नाही. बार्शी-परंडा-भूमच्या शेकडो गावांमध्ये माणसांनी गावोगाव फिरून अशाच नोंदी केल्या, तेव्हा हातात मोबाइलही नव्हते. येत्या ग्रामसभेत आपल्या गावाचा हा तक्ता कोऱ्याचा भरलेला करायला सुरुवात करा, आणि पहिलं नाव स्वतःचं किंवा आपल्या आईचं लिहा.